नातीचा निबंध, माझा अध्यक्ष

शाळेचा ईमेल सुनेने स्वयंपाकघरात वाचून दाखवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नातीच्या इतिहासाच्या कोर्सवर्कबद्दल शाळेला काळजी वाटत होती. काम तिचं स्वतःचं आहे की नाही, याविषयी बोलायला घरातल्या कुणीतरी गुरुवारी शाळा सुटल्यावर यावं, असं तिच्या शिक्षकाने लिहिलं होतं. ही इंग्रजांची काळजी मी चांगली ओळखतो. उभा जन्म इथल्या हॉस्पिटलांत माणसांना भूल देण्यात गेला. तिथे कुणाला झापायचं ठरलं की आधी वरच्यांना त्याच्याबद्दल काळजी वाटायला लागायची.

"आपल्या घरात कॉपी करणारं कुणी नाही!" मी ओरडलो.

"बाबा, माझ्यावर नका ना ओरडू. मी फक्त वाचलं," सून म्हणाली.

नात जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होती. सतरा वर्षांची पोर, नखं खात माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. कारण तो निबंध पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मी सांगितला होता आणि तिने तो लॅपटॉपवर उतरवून घेतला होता. सुनेला वाटत होतं, मी दोन-चार पुस्तकं सुचवली असतील.

आता कुणी म्हणेल, मग ओरडलात कशाला? ओरडलो, कारण मला ती कॉपी वाटतच नव्हती. कोल्हापूरकडच्या आमच्या शाळेत इतिहासाचे मास्तर हातात छडी घेऊन वर्गात फेऱ्या मारत आणि उत्तरं सांगत. आम्ही ती उतरवून घेत असू, घरी ओटीवर येरझारा घालत पाठ करत असू आणि परीक्षेत जशीच्या तशी ओतत असू. चाळीस पोरांचं एकच उत्तर. तपासणारा खूश, मास्तर खूश, आईबाप खूश. कुणी आम्हाला चोर म्हटलं नाही. पुढे मेडिकलला शरीरशास्त्रही मी असंच पाठ केलं, आणि त्याच्या जोरावर या देशात हजारो लोकांना झोपवून परत जागं केलं. थोरल्याने सांगायचं आणि धाकट्याने लिहून घ्यायचं, याला आमच्याकडे शिकवणं म्हणतात.

शिवाय विषयच असा निघाला की मला गप्प बसवेना. प्रश्न होता: दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिका आणि सोव्हिएत रशियाचं जे बिनसलं, त्याला अमेरिकेचा त्या वेळचा अध्यक्ष स्वतः किती जबाबदार? म्हणजे आधीचा अध्यक्ष युद्धाच्या अगदी अखेरीला अचानक वारला आणि ज्या उपाध्यक्षाला कुणी काही सांगत नव्हतं तो एका संध्याकाळी गादीवर बसला, तोच हा.

या गृहस्थाशी माझं घराण्यापासूनचं वैर आहे. माझे वडील पोस्टात होते. घरी रशियन मासिक यायचं, गुळगुळीत कागदाचं, हसणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या बायकांचं. वाचून झालं की त्याची कव्हरं माझ्या वह्यांना चढायची. आणि रेशनवर यायचा अमेरिकेचा मिलो. तांबडी, कडवट ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि आई वैतागायची. वडील ती भाकरी मोडत, आमटीत कुस्करत, आणि प्रत्येक घासाला त्या अध्यक्षाला शिव्या घालत. मिलो आला तेव्हा त्याला पायउतार होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण वडिलांना त्याचं काही नव्हतं. जगाचे दोन तुकडे त्याने केले, आणि आता त्यातल्या एका तुकड्याची ज्वारी आपल्याला खावी लागते, एवढा त्यांचा हिशेब सरळ होता. मला इतिहास शिकायचा होता. त्यांनी मला मेडिकलला घातलं. त्यांच्याकडून मला मिळालेला इतिहास म्हणजे हा राग, आणि तो मी नीट जपून ठेवला.

म्हणून नातीने डॉक्टर व्हायला नकार देऊन इतिहास घेतला तेव्हा मुलाशी मी भांडलो. तिच्या बाजूने उभा राहिलेला घरात मी एकटा होतो, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे ते सगळे विसरले.

ऑक्टोबरच्या सुट्टीत ती चार छापील पानं घेऊन माझ्याकडे आली.

"आजोबा, बघाल का? आणि मला तुम्हाला एक विचारायचं पण आहे."

मी पहिला परिच्छेद वाचला. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीची पणजी पोलंडची. शीतयुद्ध कुणी सुरू केलं हा प्रश्नच त्या पणजीला आवडत नाही, असं पोरीने लिहिलं होतं. तो प्रश्न विचारायला लोकांनी सुरुवात केली तोवर तिचं घर गेलेलं होतं. झालं. पुढे वाचायची मला गरज वाटली नाही. मी लाल पेन काढलं आणि त्या परिच्छेदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

"हा इतिहास आहे का? या चहा पिताना मारायच्या गप्पा झाल्या. अध्यक्ष कुठाय? करार कुठाय? बस, मी सांगतो, लिही."

"पण आजोबा, पुढे..."

"पुढचं पुढे. लिही."

तिने लॅपटॉप उघडला. त्यानंतर पाच शनिवार-रविवार मी लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीपासून सोफ्यापर्यंत फेऱ्या मारत सांगत राहिलो. स्वल्पविरामसुद्धा सांगितले. गादीवर येऊन दोन आठवडे झाले नव्हते तर या माणसाने सोव्हिएत परराष्ट्रमंत्र्याला घरी बोलावून पोलंडवरून असं खडसावलं की तो माणूस लालबुंद होऊन निघून गेला. जर्मनी शरण येते न येते तोच मित्रराष्ट्राला जाणारी मदत तोडली, निघालेली जहाजं मागे फिरवली, आणि ओरड झाल्यावर पुन्हा सोडली. मग विजेत्यांच्या बैठकीत सोव्हिएत नेत्याजवळ जाऊन, सहज आठवल्यासारखं, आमच्याकडे एक नवीन अस्त्र आहे म्हणून पुटपुटला. समोरच्याला हेरांकडून ते आधीच कळलेलं होतं. माझं म्हणणं एकच होतं: या माणसाला तोंड सांभाळता आलं असतं तर पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं जग असं दातओठ खात बसलं नसतं.

मधे एकदा ती म्हणाली, "पण मला तसं नाही वाटत, आजोबा."

"तुला काय वाटतं ते कुणी विचारलंय? परीक्षकाला काय लागतं ते बघ."

हे मी बोललो. शब्द हेच होते, मला पक्के आठवतात. नंतर सगळं तिच्याकडून पाठही करून घेतलं, उद्या शिक्षकाने काही विचारलं तर अडायला नको म्हणून. "इथे कोणी पाठ नाही करत, आजोबा," ती म्हणत होती, पण करत होती. गुणी पोर आहे. थोरल्यांचं ऐकायचं, हे आम्हीच तिच्या हाडात भिनवलेलं.

तर गुरुवार. मुलगा बेसिंगस्टोकला ऑफिसात, सून हॉस्पिटलच्या फार्मसीत ड्यूटीवर, आणि रिकामा म्हणून मी. जाताना सुनेने बजावलं होतं.

"बाबा, प्लीज, तिला बोलू द्या. तुम्ही फक्त बसा. तिची युनिव्हर्सिटीची ऑफर आहे यावर. हिस्टरीला ए नाही आला तर ग्लासगो गेलंच."

"मी काय कुणाला खाणार आहे?" मी म्हणालो.

शिक्षक तिशीतला, स्वेटरला कोपरावर भोक पडलेला. उठून हात मिळवला, खुर्ची दिली, पाणी विचारलं. मला तो तिथूनच आवडला नाही. त्याच्यासमोर माझा निबंध पडला होता आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. तो नातीला सौम्यपणे म्हणाला, ही भाषा मी वर्षभर वर्गात ऐकतो ती तुझी भाषा वाटत नाही. त्याने एक वाक्य वाचून दाखवलं. वाक्य उत्तम होतं. मी त्यावर एक अख्खी दुपार घालवली होती. तो म्हणाला, हे माझ्या आजीच्या वेळच्या सरकारी पत्रासारखं आहे. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. सुनेचा शब्द पाळला आणि गप्प बसलो.

मग त्याने निबंध उलटा करून ठेवला. "हे विसर," तो म्हणाला. "मला तुझ्या शब्दांत सांग. तो अध्यक्ष जबाबदार होता का?"

आज मला कळतं की त्याने दार उघडून धरलं होतं. ती काय बोलते ते ऐकून, पटलं तर ताकीद देऊन सोडायची त्याची तयारी होती. पोरीला ते बरोबर कळलं. ती सावरून बसली आणि बोलायला लागली. आधी चाचरत, मग नीट. ती म्हणाली, तो उद्धट होता की नव्हता हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. वसंतात त्याने पोलंडसाठी समोरच्या मंत्र्याला झापलं, बरोबर. पण उन्हाळ्यात, सोव्हिएतांनी बसवलेलं पोलंडचं सरकार दोन-चार माणसं बदलून त्यानेच मान्य केलं. म्हणजे त्या झापण्याने पोलंडमधल्या कुणालाच काही मिळालं नाही. तो गोड बोलला असता तरी हेच झालं असतं. दोघंही पोलंडबद्दल बोलत होते आणि पोलंडला कुणी विचारत नव्हतं...

शिक्षक पुढे झुकून ऐकत होता. आणि मी?

ती निबंध सोडून बोलतेय, एवढंच मला दिसत होतं. पाठ केलेलं विसरली! पोरगी घाबरली आणि भलतंच बोलायला लागली! आमच्या शाळेत फळ्यासमोर पोरगं अडखळलं की पहिल्या बाकावरून कुणीतरी पुढचा शब्द पुरवायचं. ते त्याचं कर्तव्यच. मी तेच केलं.

"नाही नाही, तसं नव्हे," मी म्हणालो. "तिसरा मुद्दा. जहाजांचा. तिथपासून घे." ती शिक्षकाकडेच बघत राहिली. मग मी डोळे मिटले आणि तिच्याऐवजी सुरू केलं. सबंध परिच्छेद. एकही शब्द न चुकता, जिथे थांबायचं तिथे थांबत, जिथे आवाज चढवायचा तिथे चढवत. मला वाईट तर काही वाटलं नाहीच, उलट या वयात स्मरणशक्ती किती शाबूत आहे याचं बरं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा शिक्षकाने निबंध पुन्हा सुलटा केला होता. त्याचं बोट ओळीवरून सरकत सरकत माझ्या शेवटच्या शब्दापाशी येऊन थांबलं होतं.

"थँक यू," तो मला म्हणाला.

नातीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

मग मात्र मी सोडलं नाही. पोरांना मदत करणं हा तुमच्याकडे गुन्हा आहे का? तुमच्या पैसेवाल्यांची पोरं शिकवण्या लावतात, त्यांचे निबंध कोण लिहितं? मी या देशाची इतकी वर्षं सेवा केली ती हे ऐकायला? आवाज कॉरिडॉरपर्यंत गेला असणार, कारण झाडणारी बाई दारात थबकली. शिक्षकाने मला पुरतं बोलू दिलं. मग तो माझ्याशी नव्हे, तिच्याशी बोलला. या निबंधावर, हे तुझंच काम आहे अशी सही मी करू शकत नाही, म्हणाला. तो बोर्डाकडे जाणार नाही, आणि दुसरं काही नसेल तर या भागाला शून्य. "पण तू आत्ता जे सांगत होतीस, ते यात कुठेच नाही. ते कुठून आलं?"

"माझ्या लॅपटॉपवर आहे," ती म्हणाली. "ऑक्टोबरपासून. अर्धंच आहे."

"सोमवारी सकाळपर्यंत पूर्ण कर. माझ्यासमोर बसून त्यावर बोलायचं. एकटीने."

शेवटचा शब्द त्याने माझ्याकडे बघून उच्चारला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरं तेच सांगतो.

परतताना ती बसच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसली. माझे गुडघे वर चढत नाहीत हे तिला माहीत आहे. मी खाली, प्रॅमवाल्या बायकांमध्ये, मनातल्या मनात शिक्षकाला सडेतोड उत्तरं देत बसलो. तीन-चार थांबे गेल्यावर उत्तरं संपली. उरलं ते एवढंच, की ती सुटत होती आणि मी तिला पकडून दिलं. तेव्हा आलेल्या रागाला कुणाचं नाव देता येईना. शिक्षकाचं देऊन पाहिलं, वडिलांचं देऊन पाहिलं, पण तो फिरून माझ्यापाशीच यायचा.

घरी सुनेने जे ऐकवलं ते इथे देत नाही. ती कधी मला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली, तेही 'अहो बाबा' म्हणत, प्रत्येक वाक्याला आदरार्थी बहुवचन लावत. त्यापेक्षा तिने शिवी दिलेली परवडली असती. मुलाने फोनवर एवढंच विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं ना, फक्त बसा म्हणून?"

शुक्रवार ते रविवार नातीच्या खोलीचं दार बंद. आतून कीबोर्डचा आवाज. शनिवारी मी दार वाजवलं आणि म्हटलं, मी फक्त नजर टाकतो, काही सांगणार नाही.

"नको, आजोबा." दार उघडलं नाही.

रविवारी दुपारी तिने नवा निबंध आईला वाचायला दिला. तासाभराने सून खाली आली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"बाबा, ऑक्टोबरमध्ये तुम्ही हे वाचलं होतं का?"

"पहिला परिच्छेद."

"कोल्हापूर आहे यात."

मला काही कळेना. तेव्हा तिने सांगितलं. ती पोलंडची पणजी पाच-सहा वर्षांची असताना सोव्हिएतांनी तिच्या घरच्यांना गाडीत कोंबून सैबेरियात नेलं. तिथून जे जगले ते इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यातले हजारो पोहोचले कोल्हापूरला. वळिवड्याच्या छावणीत. युद्ध संपलं, पण त्यांचं गाव आता सोव्हिएत हद्दीत गेलं होतं, म्हणून ती परत न जाता इंग्लंडला आली.

वळिवडं! आमच्या गावापासून सायकलवर जाता येण्यासारखं. माझ्या वडिलांनी ती माणसं पाहिली होती. गोऱ्या बायका बाजारात भाजीचा भाव करायच्या, आणि मराठीत करायच्या, हे ते रंगवून सांगत. अध्यक्षाला शिव्या घालून झाल्या की कधीतरी त्यांची आठवण काढत. ही माणसं आपल्या दाराशी का आली आणि परत का गेली नाहीत, हे मात्र त्यांनी कधी जोडून पाहिलं नाही. मीही नाही. रशियन मासिकात ते छापून येत नसे.

"मग मला सांगितलं का नाही तिने?" मी पुन्हा ओरडलो. "कोल्हापूर! मला!"

"दुसऱ्या पानावर आहे, बाबा," सून म्हणाली. "त्या आजींना कोल्हापूरचं कुणीतरी भेटायला हवं होतं. तुम्ही याल का, हेच विचारायला ती त्या दिवशी तुमच्याकडे आली होती."

सोमवारी नात एकटी गेली. शिक्षकाने सही केली. ऑगस्टमध्ये निकाल लागला, हवी ती ग्रेड मिळाली आणि ग्लासगोची जागा पक्की झाली. घरात पेढे आले. तो निबंध मुलाने वाचला, सुनेने वाचला, मैत्रिणीने घरी त्या म्हातारीला मोठ्याने वाचून दाखवला. मी अजून वाचलेला नाही. मागितला की ती म्हणते, पाठवते हं.

ग्लासगोला जायच्या आधीच्या रविवारी ती त्या आजींना भेटायला ईलिंगला गेली. बरोबर आईला घेऊन गेली. सून पुण्याची! तिला वळिवडं नकाशावर दाखवता आलं नसतं. परत आल्यावर सांगत होती, आजींनी दारातच 'या, बसा' म्हटलं, आणि भाकरी शब्दाचा उच्चार अगदी आपल्यासारखा करतात. मी ताटावरून उठलो. नात मागोमाग आली.

"मला का नाही नेलंस?" मी विचारलं. आवाज चढलेलाच होता. "त्या बाईला कोल्हापूरचा माणूस हवा होता ना? या घरात कोल्हापूरचा कोण आहे?"

तिने माझा हात धरला. तिला राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"तुम्ही त्यांना पण करेक्ट केलं असतं, आजोबा."

पोलंडच्या सरहद्दीबद्दल त्या बाईंना समजावून सांगायचे तीन मुद्दे मी आठवडाभर आधीच कागदावर काढून ठेवले होते.